दही-भात दिला की बरं, मग परत लूज मोशन: कुत्र्याच्या पोटाचं हे चक्र तोडायचं कसं

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. कुत्र्याचं पोट बिघडलं, घरातलं कुणीतरी म्हणालं दही-भात द्या, दिला, दोन-तीन दिवसांत शी बांधून यायला लागली, सगळे खूश. मग नेहमीचं खाणं सुरू झालं आणि वर "पोटाला चांगलं असतं" म्हणून रोज वाटीभर दही, आणि पंधरा-वीस दिवसांनी परत पहाटे दाराशी कुईकुई, परत जिन्यात पातळ शी, परत दही-भात. कुणाकडे दह्याच्या जागी ताक असतं, कुणाकडे नाचणीची आंबील, परदेशातल्या मंडळींकडे केफिर म्हणजे आंबवलेल्या दुधाचं पातळ पेय, पण चक्र तेच. आणि दर वेळी घरात दोन पार्ट्या पडतात, एक म्हणते दह्यानेच बरं होतं आणि दुसरी म्हणते दह्यानेच बिघडतं.

माझं मत आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. परत परत येणाऱ्या लूज मोशनमध्ये दही हे बहुतेक वेळा औषधही नसतं आणि गुन्हेगारही नसतं, ते मध्ये उभं राहून खरं कारण झाकत असतं. साधा पोट बिघाड कुत्र्यांमध्ये दोन-चार दिवसांत आपोआपच आटोक्यात येतो, काहीही न देता, नुसतं हलकं खाणं आणि पाणी दिलं तरी. त्या दोन-चार दिवसांत तुम्ही जे दिलंत त्याला श्रेय मिळतं. मूळ कारण आत तसंच बसलेलं असेल तर ते पंधरा दिवसांनी परत डोकं वर काढणारच, मग तुम्ही दही द्या नाहीतर गंगाजल.

पण सगळ्यात आधी, घरी प्रयोग करायचे की गाडी काढायची हे ठरवा. लसीकरण पूर्ण न झालेलं पिल्लू, उलट्या आणि लूज मोशन दोन्ही, सुस्त पडलंय, खात नाही, असं असेल तर पार्व्हो हा जीवघेणा विषाणूचा आजार असू शकतो आणि त्यात एक रात्र थांबणंही महागात पडतं. डांबरासारखी काळी शी, भरपूर रक्त, हिरड्या पांढुरक्या, मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर पटकन खाली न बसणं, पाणीसुद्धा न टिकणं, यात दही-बिही काही नको. आणि पोट ढोलासारखं टम्म फुगलंय, उलटीची उबळ येतेय पण बाहेर काही पडत नाही, विशेषतः ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड अशा खोल छातीच्या जातींमध्ये, तर जठर पिळलं जाण्याची शक्यता असते आणि तिथे प्रश्न मिनिटांचा असतो. याला "गॅस झालाय, ताक पाजा" म्हणणारे लोक आहेत, त्यांचं ऐकू नका.

यातलं काही नाही, कुत्रं उड्या मारतंय, खातंय, फक्त शी अधूनमधून बिघडते, तर पुढे वाचा.

पहिलं काम म्हणजे शी नीट बघणं. हो, खरंच. एकेका वेळी थोडीथोडी, दिवसातून पाच-सहा वेळा, घाईघाईने, शेवटी आव किंवा ताज्या रक्ताचा थेंब, बसून कुंथत राहणं, हे सगळं मोठ्या आतड्याकडे बोट दाखवतं. उलट वेळा कमीच पण ढीगभर पातळ, सोबत वजन उतरतंय, कधी उलटी, हे लहान आतड्याचं काम. व्हेटला फोन करताना "लूज मोशन आहे" एवढंच न सांगता हा फरक सांगितला की त्यांचा अर्धा वेळ वाचतो. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, कुणी हसलं तर हसू दे.

आता खरं कारण. आपल्याकडे सगळ्यात जास्त सुटून जाणारी गोष्ट म्हणजे जंत आणि जिआर्डिया. लोक म्हणतात, "छे हो, डीवर्मिंग केलंय की." केलं असेल, पण कशाने? नुसतं पायरँटेल आणि प्राझिक्वांटेल असलेली गोळी गोल जंत, हुकवर्म आणि पट्टकृमी घालवते, व्हिपवर्मला तिने काही होत नाही. व्हिपवर्मची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात आणि पोटात गेल्यावर पूर्ण वाढ व्हायला त्यांना जवळजवळ ३ महिने लागतात, म्हणजे आज शी तपासली आणि अंडी दिसली नाहीत तरी जंत आत नाहीत असं होत नाही. जिआर्डिया तर त्याहून डँबिस. तो जंतच नाही, एकपेशीय जीव आहे, त्याच्या सिस्ट, म्हणजे कवचात बंद झालेले जीव, शीतून रोज पडत नाहीत, आज पडतील, परवा नाही. म्हणून एकच सॅम्पल देऊन "क्लिअर" रिपोर्ट आला की लोक निर्धास्त होतात आणि चक्र चालू राहतं. वेगवेगळ्या दिवसांची तीन सॅम्पल द्या किंवा जिआर्डियाची अँटिजेन टेस्ट होते ती मागा. एका गोळीत तो जात नाही, बरेच दिवस सलग औषध लागतं, कुठलं आणि किती ते व्हेट वजनावर ठरवतील. आणि औषध चालू असताना कुत्र्याचा मागचा भाग धुवा, अंघोळ घाला, कारण सिस्ट केसांना चिकटून राहतात, कुत्रं स्वतःला चाटतं आणि परत गिळतं. पावसाळ्यात सोसायटीच्या बागेतल्या डबक्यातलं पाणी पिणारी सगळी कुत्री एकमेकांना हा प्रसाद वाटत असतात. या मधल्या काळात तुम्ही किती सुंदर विरजलेलं दही देताय याचा त्या जिआर्डियाला काही फरक पडत नाही.

दुसरी गोष्ट गोळ्यांची, आणि ही मला जास्त खटकते कारण ती सहज टाळता येते. आपल्याकडे गोचिडांमुळे टिक फिव्हर भरपूर, आणि त्यावर डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण ४ आठवडे चालतं. डॉक्सीने पोट बिघडतं हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून घरोघरी ती गोळी दह्यात बुडवून देतात. दह्यात कॅल्शियम असतं, कॅल्शियम डॉक्सीला धरून ठेवतं आणि औषध रक्तात कमी पोचतं. म्हणजे पोट सांभाळायच्या नादात टिक फिव्हरचा इलाज पातळ होतो, आणि अर्धवट दबलेला ताप परत आला की परत गोळ्या, परत पोट. एन्रोफ्लोक्सासिनसारख्या औषधांचंही दुधाच्या पदार्थांशी असंच वाकडं आहे. डॉक्सी खाण्यासोबत द्या, नक्की द्या, उपाशीपोटी नको, पण ते खाणं म्हणजे दोन घास चिकन-भात असू दे, आणि मागून थोडं पाणी पाजा म्हणजे गोळी अन्ननलिकेत अडकून भाजत नाही. दही-ताक द्यायचंच असेल तर गोळीपासून दोन-तीन तास लांब.

अँटिबायोटिकचा आणखी एक धागा आहे. लूज मोशन झालं की मेडिकलमधून मेट्रोनिडाझोल आणून देणारे घराघरात आहेत, एकदा व्हेटने दिलं होतं ना मग तेच परत. शी बांधून येते हे खरं, पण आतल्या चांगल्या जिवाणूंचीही वाट लागते आणि ती घडी परत बसायला काही आठवडे जातात. त्या काळात पोट नाजूकच असतं, मग जरा काही वेगळं खाल्लं की परत पातळ, परत मेट्रो. साध्या, नुकत्या सुरू झालेल्या लूज मोशनला अँटिबायोटिक देऊ नये याकडेच आता व्हेट मंडळींचा कल आहे. स्वतःच्या मनाने तर अजिबात नको.

बरं, आता दह्यावर येऊ, कारण काही घरांत दही खरंच भागीदार असतं. गाईच्या-म्हशीच्या दुधात लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर ५ टक्क्यांच्या आसपास असते, कुत्रीच्या स्वतःच्या दुधात ती त्याहून कमी, साधारण ३ ते ३.५ टक्के, आणि पिल्लू मोठं झालं की ती पचवणारं लॅक्टेजही आटत जातं. न पचलेली साखर मोठ्या आतड्यात जाते, तिथले जिवाणू तिच्यावर ताव मारतात, गॅस होतो, पाणी ओढलं जातं, शी पातळ. दूध विरजल्यावर यातली साधारण पाव ते एक-तृतीयांश साखर जिवाणू संपवतात, सगळी नाही. म्हणून दुधाने हमखास पोट बिघडणारं कुत्रं दोन चमचे दही आरामात पचवतं पण वाटीभर दह्याने परत बिघडतं. विरजलेलं आहे म्हणजे कितीही चालेल हा हिशेब इथेच चुकतो.

त्यात आपलं दही म्हणजे सायीचं. म्हशीच्या दुधात फॅट ६ ते ८ टक्के, त्याचं कवडीसारखं घट्ट दही माणसाला भारी वाटतं पण कुत्र्याच्या पातळ शीचं कारण कित्येकदा लॅक्टोज नसून ही साय असते. पिशवीच्या दुधाचं लावत असाल तर टोन्डमध्ये ३ टक्के, डबल टोन्डमध्ये १.५ टक्के फॅट असतं, त्याचं दही लावून बघा, काही घरांत प्रश्न इथेच मिटतो. आणि ज्या कुत्र्याला एकदा पॅन्क्रियाटायटिस म्हणजे स्वादुपिंडाची सूज होऊन गेलीय त्याला सायीचं दही, लोणी, चक्का काहीच नको. चक्का टांगल्यावर पाण्याबरोबर लॅक्टोज बरंच निघून जातं हे बरोबर आहे, पण फॅट मागे राहून आणखी घट्ट होतं.

ताकाचा घोळ वेगळाच. आजीच्या काळी ताक म्हणजे रवीने घुसळून लोणी काढून उरलेलं, त्यात फॅट नावापुरतं. आत्ता आपण मिक्सरमध्ये दही आणि पाणी एकत्र फिरवतो आणि त्याला ताक म्हणतो, त्यात सगळी साय जशीच्या तशी. त्यामुळे "गावी आमची कुत्री बादलीभर ताक प्यायची, काही होत नव्हतं" आणि "शहरात चार घोट ताकाने पोट बिघडलं" ही दोन्ही वाक्यं खरी असू शकतात. शिवाय गावचं ते कुत्रं दिवसभर मेंढरांमागे पळत होतं. त्याचं पोट कधी बिघडत होतं का, हे मुळात कुणी बघितलं होतं हाही प्रश्न आहेच.

आंबटपणाबद्दल एक गैरसमज काढून टाका. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे दही सकाळी लावलं तर दुपारपर्यंत आंबट ढाण होतं, आणि लोक म्हणतात आंबट दिलं म्हणून पोट बिघडलं. कुत्र्याच्या रिकाम्या जठराचा पीएच १ ते २ च्या घरात असतो, दह्याचा ४ ते ४.५, म्हणजे त्याचं स्वतःचं जठर कुठल्याही दह्यापेक्षा कितीतरी आंबट. उलट जास्त आंबलेल्या दह्यात लॅक्टोज थोडं कमीच उरतं. आंबट चालेल. बुरशी नाही चालणार. वर हिरवट-निळसर ठिपका दिसला की "वरचं काढून कुत्र्याला घालू" हे आपल्याकडे सर्रास चालतं, शिळ्या पावाचं, चीजचं, भाकरीचंही तसंच, आणि यातल्या काही बुरशींमध्ये पेनिट्रेम ए, रोकफोर्टिन अशी विषं असतात ज्यांनी काही तासांत कुत्र्याला थरथर सुटते, झटके येतात. हे पोट बिघडण्याच्या पलीकडचं प्रकरण आहे. आंबलेलं वेगळं, नासलेलं वेगळं, कुत्र्याच्या भांड्यात नासलेलं टाकायचं नाही. तो आनंदाने खाईल, त्याला सगळंच आवडतं, त्याच्या आवडीवर जाऊ नका.

मग आपल्या आंबवलेल्या पदार्थांत वरून काय काय पडतं ते बघा. मठ्ठ्यात मिरची, आलं, मीठ. कढीत लसूण. आंबीलीत ताक, जिरं आणि पुन्हा लसूण. लसूण-कांद्याने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, एकदा दोनदा चमचाभर कढीने काही दिसणार नाही पण रोज कढी-भात खाणाऱ्या छोट्या कुत्र्याचं रक्त हळूहळू कमी होऊ शकतं. श्रीखंडात साखर, जायफळ आणि हौशी घरात मनुका, आणि मनुका-द्राक्षांनी कुत्र्याची किडनी बंद पडू शकते. त्यामागे टार्टारिक ॲसिड असावं असं २०२१ पासून पशु-विषतज्ज्ञ मांडताहेत, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून सांबार, चिंचेचं सार यापासून लांबच. लोणचं म्हणजे मीठच. शुगर-फ्री फ्लेवर्ड योगर्टच्या डब्यावर झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते) लिहिलंय का बघा, ते कुत्र्याला थेट विष आहे, रक्तातली साखर धाडकन खाली येते. अमेरिका-युरोपातल्या आपल्या लोकांनी किमची देऊ नये, त्यात लसूण असतोच. साधी मीठ-कोबीची साउअरक्राउट धुऊन चिमूटभर ठीक, पण मीठ असतं हे लक्षात ठेवा. कोंबुचात चहा, साखर आणि थोडं अल्कोहोल, ते कशाला.

इडली-डोशाचं कच्चं पीठ नाही. शिजलेली साधी इडली, सांबार-चटणीशिवाय, एखादा तुकडा, काही हरकत नाही, पण कच्च्या पिठात जिवाणू आणि यीस्ट कामावर असतात, जठराच्या उबेत गॅस चालूच राहतो. आणि पाव, पिझ्झा बेसचं यीस्ट घातलेलं कच्चं कणीक कुत्र्याने ओट्यावरून ओढून खाल्लं तर ती इमर्जन्सी समजा. ते पोटात फुगतं आणि यीस्टमधून तयार होणारं अल्कोहोल रक्तात जातं, कुत्रं दारू प्यायल्यासारखं झोकांड्या खातं. लॉकडाऊननंतर घरोघरी बेकिंग सुरू झालंय म्हणून मुद्दाम लिहितेय.

कच्च्या दुधाचं केफिर, बकरीचं कच्चं दूध याची सध्या "नॅचरल" म्हणून हवा आहे. आपल्याकडे जनावरांत ब्रुसेलोसिस हा जिवाणूंचा आजार आहे, तो कच्च्या दुधातून कुत्र्यालाही होतो आणि तुम्हालाही. दूध उकळा, कोमट करा, मग विरजण लावा. जिवाणू विरजणातून येतात, कच्च्या दुधातून यायची गरज नाही.

आता हा "नॅचरल" शब्द आलाच आहे तर. कुत्र्याच्या नैसर्गिक खाण्यात आंबवलेलं असतंच, लांडगा शिकारीच्या पोटातलं आंबलेलं गवत खातो, म्हणून आपणही द्यायला हवं, असं बरेच जण ठामपणे सांगतात. लांडग्यांचं निरीक्षण करणाऱ्यांनी लिहून ठेवलंय की मोठ्या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटाची पिशवी लांडगे खातात पण आतला गवताचा लगदा बहुतेक वेळा झटकून टाकतात. छोटी शिकार अख्खी गिळली तर आतलं जातं तेवढंच. आणि कुत्रा म्हणजे लांडगाही राहिलेला नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकांच्या अभ्यासात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या एएमवाय२बी या जनुकाच्या लांडग्यात २ प्रती असतात आणि कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत. हजारो वर्षं माणसाच्या उकिरड्यावर, माणसाच्या भाकरीवर वाढलेला प्राणी आहे तो. त्याच्या त्या खाण्यात आंबलेलं होतं, नक्की होतं: पुरून ठेवलेलं हाड, शिळं अन्न, शेण. पण ते सगळं थोडंथोडं, रोजच्या खाण्यात मिसळून जाणारं. सकाळी एकदम स्टीलची वाटी भरून सायीचं दही हा प्रकार त्याच्या कुठल्याच पूर्वजाने बघितला नव्हता.

शेणावरून आठवलं, फिरायला नेलं की शेण खाणारी कुत्री असतात आणि मालक म्हणतात त्याला जिवाणूंची कमतरता आहे, दही वाढवा. दही वाढवून ही सवय गेलेली माझ्या तरी बघण्यात नाही. शेण खाण्यात खरी भीती जंतांची, आणि गुरांना नुकतंच आयव्हरमेक्टिन टोचलं असेल तर त्या औषधाची, कोली जातीच्या कुत्र्यांना ते फार कमी प्रमाणातही बाधतं.

दह्यातले जिवाणू कुत्र्याच्या पोटात घर करतात असंही नाही. लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस हे दह्याचे नेहमीचे दोघे, ते ४०-४३ अंशांच्या उबदार दुधात रमणारे, आतड्यात पाहुणे म्हणून येतात आणि शीतून निघून जातात. म्हणून रविवारी एकदा मोठी वाटी आणि मग आठवडाभर काही नाही, ही पद्धत सगळ्यात वाईट, फायदा टिकत नाही आणि लॅक्टोजचा दणका तेवढा बसतो. द्यायचं तर थोडं आणि रोज. कुत्र्यांसाठी मिळणाऱ्या प्रोबायोटिक पावडरीत एन्टेरोकोकस फेशियमसारखे जिवाणू ठरलेल्या संख्येने असतात, पोट बिघडलेलं असताना व्हेट त्या देतात ते म्हणूनच, घरच्या दह्यात आज किती आहेत आणि उद्या किती हे विरजण लावणाऱ्यालाही माहीत नसतं. अँटिबायोटिक चालू असेल तर जिवाणूंचं प्रोबायोटिक दोन-तीन तासांच्या फरकाने द्या. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट आहे, त्याला अँटिबायोटिकने काही होत नाही.

शी सोबत कानाला खाज, पंजे चाटणं, पोटावर पुरळ असं चालू असेल तर गोष्ट लॅक्टोजची नसून ॲलर्जीची असू शकते. कुत्र्यांच्या फूड ॲलर्जीवरच्या २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात बीफ ३४ टक्के, दुधाचे पदार्थ १७ टक्के, चिकन १५ टक्के, गहू १३ टक्के असा क्रम होता. दुधातल्या प्रथिनाची ॲलर्जी असेल तर विरजून, टांगून, घुसळून काही उपयोग नाही, प्रथिन तिथेच असतं. अशा कुत्र्याला दही पूर्ण बंद. छुर्पीही बंद. छुर्पी म्हणजे ते नेपाळ-हिमालयातलं दगडासारखं चीज, हल्ली पेट शॉपमध्ये याक चीज म्हणून चघळायला मिळतं, त्यात लॅक्टोज अगदी कमी असल्याने लोक विचारच करत नाहीत. (ॲलर्जी नसली तरी ज्यात नख रुतत नाही ते चघळून दाढेचा तुकडा उडतो, हे आपलं जाता जाता.)

तर करायचं काय. दोन आठवडे आंबवलेलं सगळं बंद. दही, ताक, आंबील, केफिर, पावडर, चीजचा तुकडा, आजोबा टेबलाखालून गुपचूप देतात ते सगळं. बाकी खाणं अजिबात बदलायचं नाही, हे सगळ्यात अवघड, कारण घाबरून आपण एकाच दिवशी फूडचा ब्रँड बदलतो, चिकन बंद करतो, दही वाढवतो, आणि मग काय लागू पडलं ते कुणालाच कळत नाही. आजारपणातल्या भातावरून परत ड्राय फूडवर जातानाही आठवडाभर हळूहळू मिसळत जा. तीन दिवस नुसता दही-भात आणि चौथ्या दिवशी एकदम पूर्ण वाटी ड्राय फूड, या उडीनेच कितीतरी पोटं परत बिघडतात आणि खापर दह्यावर किंवा फूडवर फुटतं. रोज शी कशी होती ते कॅलेंडरवर एका शब्दात लिहा.

दोन आठवड्यांत एकदाही बिघडलं नाही तर दही परत आणून बघा, तेव्हाच खरं कळेल. कमी फॅटचं, बिनमिठाचं, साधं. ५ किलोच्या पॉमला पाव चमचा, २० किलोच्या इंडीला म्हणजे आपल्या गावठी कुत्र्याला एक चमचा, चार-पाच दिवस तेवढंच, मग थोडं वाढवा. छोट्यासाठी एखाद्या चमच्यावर, मध्यम-मोठ्यासाठी दोन-तीन मोठ्या चमच्यांवर थांबा. वीस किलोच्या घरबसल्या कुत्र्याला दिवसाला साधारण १००० कॅलरी लागतात, वरखाण्याला त्यातला दहावा भाग म्हणजे १०० कॅलरी, आणि म्हशीच्या दुधाचं छोटी वाटीभर सायीचं दही तेवढ्यातच संपतं. बिस्किट, पोळीचा तुकडा, ट्रेनिंगची ट्रीट हे सगळं मग वर जातं आणि लॅब गोल होत जातो. प्रमाण वाढवताना ज्या टप्प्यावर शी सैल झाली त्याच्या अलीकडचा टप्पा ही त्याची मर्यादा, शेजारच्याचा कुत्रा किती खातो त्याच्याशी घेणंदेणं नाही. काही कुत्र्यांची मर्यादा शून्य असते. मग नका देऊ, दह्यावाचून कुत्र्याचं काही अडत नाही. आतड्यातल्या जिवाणूंना खायला थोडा वाफवलेला लाल भोपळा दिलात तरी आत त्यांचं आंबवण्याचं काम चालूच असतं. मोठ्या आतड्याच्या त्रासात व्हेट इसबगोलही सांगतात.

दही बंद असतानाही बिघडलं, तर दही सुटलं, आता जंत-जिआर्डिया नीट तपासा. तेही स्वच्छ आणि तरी तीन आठवड्यांहून जास्त चाललंय, तर घरगुती खेळ थांबवा. हायड्रोलाइज्ड म्हणजे बारीक तुकडे केलेल्या प्रथिनांच्या खाण्याची ट्रायल, रक्तातल्या बी१२ ची पातळी, ॲडिसन या हार्मोन कमी पडण्याच्या आजारासाठी कॉर्टिसॉलची तपासणी अशा गोष्टी मग येतात. कुत्रं अधाशासारखं खातंय, तरी फासळ्या दिसताहेत, आणि शी ढीगभर, तेलकट, पिवळसर, तर स्वादुपिंडाची पाचक रसं कमी पडत असतील, जर्मन शेफर्डमध्ये हे जास्त दिसतं, टीएलआय नावाच्या रक्ततपासणीत कळतं आणि एन्झाइम पावडरीने कुत्रं अक्षरशः भरून येतं. अशा कुत्र्याला महिनोन्महिने ताक पाजत बसणं म्हणजे त्याला उपाशी ठेवणंच.

सॅम्पल नेताना सकाळची ताजी शी, सुपारीएवढी, झाकणाच्या स्वच्छ डबीत, माती न लागलेली वरची. लगेच जाणं जमत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, आणि डबीवर ठळक लिहा नाहीतर घरात भूकंप होईल. सोबत एका कागदावर मागच्या दोन आठवड्यांत भांड्यात काय काय पडलं ते, शेवटच्या डीवर्मिंगच्या गोळीचं नाव आणि तारीख, आणि चालू असलेली औषधं. आजोबांना विचारून लिहा.